७,४९० किलोचं घर : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

बाबांनी याही वर्षी टिपरला झेंडूचा हार घातला. मार्च २०१८मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. मागच्या जोडचाकांच्या फटीतून घाणेरी उगवून थेट फाळक्यापर्यंत पोचली आहे. गूळ-खोबरं वाटून झाल्यावर मी बोलून टाकलं: ह्या ट्रकचं फिरतं घर करूया.

आईचा पहिला प्रश्न, "संडास कुठे?" नवरा हसला. बाबा काहीच बोलले नाहीत, आत गेले आणि ट्रकची हिशेबाची वही घेऊन आले. फेऱ्या, डिझेल, टायर, ड्रायव्हरला दिलेली उचल. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण बाबांची वही कायम मराठीत. मागची साठेक पानं कोरी होती. ती आता माझी.

१९ ऑक्टोबर

उसगावहून मेस्त्री आले. स्क्रू-ड्रायव्हरने चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, टोचत टोचत पुढून मागे गेले. एका जागी पापुद्रा सुटला आणि आतून खनिजाची लाल भुकटी घसरली, ओंजळभर तरी असेल. सात पावसाळ्यांत ती तिथेच घट्ट बसून राहिली होती आणि ओल धरून लोखंड खात होती.

गाडी २००८ची, १६१३. ट्रकवाल्यांच्या घरात हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे येतात: पहिले दोन आकडे एकूण वजनाचे टन, पुढचे दोन अश्वशक्तीचे दहा-दहा. १६१३ म्हणजे सोळा टन, १३० अश्वशक्ती. ७०९ म्हणजे सात टन, नव्वद. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर.

मेस्त्रींचं मत: इंजिन उठेल, पण घर करायला टिपर चुकीचा. त्याचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दहा टन खनिज पेलायला बनवलेले. त्यावर तीन टनांचं घर ठेवलं तर गाडीला ते रिकामंच वाटणार, आणि प्रत्येक खड्ड्यात कपबशा उडणार. पाटे कमी करता येतात, पण दुसरी गोष्ट बदलता येत नाही. टिपरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड असतो, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे बॉडी किती लोंबू द्यायची याला नियम आहे, व्हीलबेसच्या ६० टक्के. म्हणजे घर आखूड आणि उंच. अनमोड घाटाच्या वळणावर अशी उंच पेटी कशी झुलेल ते बाबांनी हातानेच करून दाखवलं.

२४ ऑक्टोबर

आज फक्त आरसी बुक वाचलं. गुड्स कॅरिअर, ट्रान्सपोर्ट. हे दोन शब्द इतकी वर्षं घरात होते, पण त्यांचं वजन आज कळलं. ट्रान्सपोर्ट गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग (गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे का याची तपासणी), नंतर दर वर्षी. आमचं २०१८पासून झालेलंच नाही. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या जड ट्रकची पासिंगची फी साडेबारा हजार झाली आहे, आधी दीड हजार होती.

खरी अडचण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची. उत्पादकाने जी गाडी म्हणून मंजुरी घेतली, तिच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. मी इतके दिवस समजत होते की आधी घर बांधायचं, मग "बघा, किती छान झालंय" म्हणून दाखवायला न्यायचं. बाबांचं उत्तर चार शब्दांचं: "पयलीं कागद, मागीर पत्रो." पत्रा आधी कापून बसलेल्या दोघांच्या गोष्टी त्यांना ठाऊक आहेत. दोन्ही गाड्या अजून अंगणातच आहेत म्हणे.

टिपरचा विषय इथे संपला. बाबांना मी तसं स्पष्ट म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

६ नोव्हेंबर

आजच सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते, वेगळी नोंद नको. विमा कंपन्या बरीच वर्षं नेमक्या ह्याच मुद्द्यावर दावे अडवत होत्या.

आमचं घर खाजगी असणार, त्यामुळे निकाल आम्हाला थेट लागू नाही. पण ७,५०० हा आकडा डोक्यात बसला. बाबांकडे जड वाहनाचं लायसन्स आहे, पण ते ६७ वर्षांचे आहेत. माझं आणि नवऱ्याचं हलकंच. सोळा टनांचं घर घेतलं तर ते चालवणारा घरात एकच माणूस, आणि तो दुपारी जेवल्यावर झोपतो. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकूण वजन ७,५००च्या आत.

१० नोव्हेंबर

नवरा लष्कराच्या लिलावातल्या स्टॅलियन ट्रकचे व्हिडिओ बघतोय. चार चाकांना जोर, छाती एवढी उंच. मलाही आवडतो. वजन जास्त, वय जास्त, डिझेल जास्त. पुढे.

कोल्हापूरकडचा २०२१चा एक वापरलेला ट्रकही पाहिला, फोटोवरच. परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ची एनओसी, २९ आणि ३० हस्तांतराचे, कर्ज असलं तर ३५. आणि जुन्या मालकाची पॉलिसी आपल्याकडे पूर्ण येत नाही. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची बाजू, आपोआप येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची बाजू चौदा दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावी लागते. हे सगळं केलं तरी गाडी गुड्स कॅरिअरच. कलम ५२ पुन्हा दारात उभं.

३० नोव्हेंबर

तीन आठवडे नोंद नाही, पण वाचन झालं. मोटर कॅराव्हॅन ही कायद्यात स्वतंत्र जात आहे आणि तिला स्वतःचं मानक आहे, एआयएस-१२४. कॅराव्हॅन कशाला म्हणायचं ते व्याख्येत अगदी गृहिणीच्या भाषेत दिलंय: बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय (बसायच्या जागेचीच केली तरी चालेल), स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं. फक्त टेबल काढता येण्यासारखं असलं तरी चालतं. म्हणजे हौद्यात गादी टाकली आणि शेगडी ठेवली की कॅराव्हॅन होत नाही. संडासाचा त्या यादीत उल्लेख नाही हे मी आईला सांगितलेलं नाही.

दुसरा कागद ५ नोव्हेंबर २००४च्या केंद्राच्या अधिसूचनेचा. त्यात ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट गाड्यांच्या याद्या आहेत, आणि खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये आहे. नॉन-ट्रान्सपोर्ट म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी, दर वर्षीच्या पासिंगची कटकट नाही. उद्या हीच गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायची ठरवली तर ती दुसऱ्या यादीत जाणार. नवऱ्याचा तसा बेत होता. तूर्त बारगळला.

मार्ग ठरला: नवी केबिन-चासी (मागे बॉडी नसलेली गाडी) घ्यायची आणि कॅराव्हॅनच्या बॉडीची मंजुरी आधीच हातात असलेल्या बॉडी बिल्डरकडे द्यायची. एकाच गाडीसाठी आपण स्वतः पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून चाचणी करून घ्यायची म्हटली तर घराच्या खर्चात चाचणीच होईल. मंजुरीवाला बिल्डर म्हणजे त्याच्या आराखड्याच्या चौकटीत राहणं आलं. मला गोल खिडकी हवी होती. मिळणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस बाबांचा. गाडीची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर. बिल्डरच्या आराखड्यात २.२ मीटर रुंदी आणि जमिनीपासून ३.२ मीटर उंची. बाबांनी परसातला बांबू तोडला, ३.३ मीटरवर खूण करून कापला आणि घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत तो उभा धरून चालत निघाले. मी मागून वही घेऊन. वाटेत ज्याने त्याने विचारलं, "गुढी आत्ताच?"

विजेच्या तारा दोन ठिकाणी बांबूला लागल्या, दोन्ही घरगुती जोडण्या, खांब ते घर अशा झोळ पडलेल्या. फणसाची एक फांदी. देवळाजवळच्या वळणावर चिऱ्याची गडग (दगडी कुंपण) दोन्ही बाजूंनी आत आलेली, तिथे रस्ता टेपने २.९ मीटर भरला. सोळा टनांची गाडी ह्या वळणावरून बाबा रोज काढायचे, तीही खनिज भरून. कशी, ते त्यांनी आज सांगितलं: गडगेचा तो कोपरा तेव्हा त्यांनीच दोनदा पाडला आणि दोनदा बांधून दिला.

फेरीबोटीतून पलीकडे जायचा विचार सोडला. पुलावरून जाऊ.

२ जानेवारी २०२५

वजनाचा हिशेब. ७,४९० किलोच्या वर्गातली केबिन-चासी. विक्रेत्याकडची एक गाडी डिचोलीच्या वाटेवरच्या काट्यावर नेऊन आम्हीच तोलली: २,७४० किलो, टाकीत डिझेल धरून. बॉडीला १,९००, आतल्या फर्निचरला ५००, बॅटऱ्या-सोलर-फ्रीजला १३०, पाणी २०० लिटर म्हणजे सरळ २०० किलो, चार माणसं २८०, सामान ३००. बेरीज ६,०५०. जवळजवळ दीड टन शिल्लक. ही शिल्लक मोडायची नाही असं ठरलं. बाबा म्हणाले, ट्रकवाल्याला शिल्लक दिसली की तो भरतोच.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेणार. २०० अँपिअर-तासांची एक साधारण पंचवीस किलोत येते. तेवढीच वीज साध्या ट्युब्युलरमधून काढायची तर दीडशे किलोच्या घरात जाते, कारण ती अर्ध्यापेक्षा जास्त उपसली की लवकर मरते. गॅस नको, इंडक्शन. तसंही गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडली तर २०१९पासून दोन हजारांचा दंड आहे, त्यामुळे स्वयंपाक भिंतींच्या आतच.

२० जानेवारी

चासी घेतली, माझ्या नावावर. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच उपयोगाचा, आणि सगळ्यांत जास्त चालवणारी मीच. हातात आलेले कागद: विक्रीचा फॉर्म २१, फॉर्म २२-ए चा पहिला भाग (उत्पादकाचा), टेम्पररी नंबर. २२-ए चा दुसरा भाग बॉडी बिल्डरने भरायचा. दोन भाग जुळल्याशिवाय नोंदणी नाही.

चासीची पॉलिसी घेतली. त्यात किंमत फक्त चासीची. बॉडी चढेल तसा आकडा वाढवून घ्यायचा, नाहीतर घर जळालं तर भरपाई फक्त चाकांची मिळणार.

२५ जानेवारी

बाबांनी चासी चोर्ला घाटाने वर बिल्डरकडे नेली. मी शेजारी. रिकामी चासी रस्त्यावर चालत नाही, उड्या मारते. केरीच्या पुढे पहिल्या वळणालाच माझा डबा पायाखाली सांडला. बाबा मात्र सात वर्षांनी ट्रकच्या सीटवर बसले होते. दोन तास एक शब्द नाही, फक्त गिअर. वर पोचल्यावर म्हणाले, "क्लच हलको आसा."

२२ फेब्रुवारी

बिल्डरकडे दुसरी फेरी. सबफ्रेम, म्हणजे चासी आणि बॉडीमधली चौकट, बसली. ट्रकची चासी शिडीसारखी असते आणि ती पिळते, पिळायलाच हवी. एक चाक खड्ड्यात गेलं की पुढचं टोक एकीकडे, मागचं दुसरीकडे. तिच्यावर घट्ट पेटी बोल्ट केली तर काही महिन्यांत दरवाजा अडकायला लागतो, मग कोपऱ्यांना तडे. म्हणून मागे पक्के बोल्ट आणि पुढे स्प्रिंग घातलेले, थोडं उचलू देणारे. मी जॅकवर एक चाक उचलायला लावलं आणि पुढच्या फटीत बोट घालून पाहिलं. जिथे आधी करंगळी जात नव्हती तिथे अंगठा गेला. समाधान झालं.

असमाधान प्लायवुडचं. ठरलं होतं १२ मिलिमीटर, आणून ठेवलेलं १८. "मजबूत होईल, ताई." आठ बाय चारची १८ची शीट पस्तीस किलोच्या आसपास, १२ची तेवीसच्या. चौदा शीटा. १६८ किलो उगाच. परत पाठवली. तासभर वाद झाला, त्यानंतर चहा.

२९ मार्च

पाडव्याच्या आदल्या दिवशी काट्यावर. पाणी, माणसं आणि सामान सोडून ५,३९०. हिशेबापेक्षा १२० जास्त. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोलली, कारण एकूण बरोबर असूनही एक आस ओझ्याखाली असू शकते. पुढचा आकडा अपेक्षेपेक्षा हलका. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या पलीकडे ठेवली होती, ती मागून दाबते आणि पुढचं नाक उचलते, सी-सॉसारखी. टाकी आसाच्या पुढे घेतली. पलंगाखालचा एक खण गेला.

१४ एप्रिल

विमा. ह्याच्यावर दोन आठवडे गेले. तीन कोटेशनं मागवली, तीन वेगवेगळ्या वर्गांत आली. एकाने माल वाहतुकीचा ट्रक धरला: ७,५०० किलोपर्यंतचा थर्ड पार्टी दर १६,०४९. दुसऱ्याने १,५०० सीसीवरची खाजगी कार: ७,८९७. तिसऱ्याने क्लास डी, मिसलेनियस आणि विशेष गाड्या: ७,२६७. हे थर्ड पार्टीचे दर जून २०२२पासून ठरवून दिलेले आहेत, त्यात कंपनीला घासाघीस करता येत नाही. घासाघीस असते ती वर्गात.

एक एजंट म्हणाला, "गुड्सच ठेवा, कोण बघतंय?" बघतो तो विमा कंपनीचा सर्व्हेअर, दावा केल्यावर. पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. आरसीवर एक जात, पॉलिसीवर दुसरी आणि आत चौघं झोपलेले, असं सापडलं की कंपनीला नाही म्हणायला आपणच कारण लिहून दिलेलं असतं. आम्ही तिसऱ्याकडे गेलो, स्वस्त म्हणून नव्हे. आरसीवर जो शब्द येणार तो पॉलिसीवर जसाच्या तसा लिहायला फक्त तो तयार होता.

पुढचं काम जास्त किचकट. चासीची किंमत वेगळी, बॉडीची वेगळी, विजेच्या वस्तूंची वेगळी. उत्पादकाच्या किमतीत नसलेल्या विजेच्या वस्तूंसाठी आयएमटी २४ हे कलम लागतं, किमतीच्या चार टक्के. सोलर, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, फ्रीज मिळून दोन लाख दहा हजार, म्हणजे ८,४००. ते न घेता छतावरचं पॅनेल फांदीला लागून फुटलं तर ते गाडीचा भाग नव्हतंच असं उत्तर मिळतं. दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांच्यासाठी आयएमटी २३. व्यावसायिक वर्गात ह्या वस्तू एरवी वगळलेल्या असतात आणि चिंचोळ्या वाटेवर घासतात त्याच. तेही घेतलं. भांडी, अंथरुणं, आईचा मिक्सर कशातच बसत नाही.

६ मे

नोंदणीचे कागद परत आले. कारण: चासी नंबर जुळत नाही. १७ अक्षरं-आकडे, फॉर्म २१वर, पॉलिसीवर आणि गाडीवर एक, २२-ए च्या दुसऱ्या भागावर दुसरा. रात्री टेबलावर चारही कागद लावून अक्षर-अक्षर वाचले. मला दोन्ही सारखेच दिसत होते. शेवटी सापडलं: बिल्डरच्या टायपिस्टने शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला होता. चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, नेमकी ह्याच घोळासाठी. तिथे ओ दिसला की चूक आहे हे डोळे झाकून सांगता यायला हवं होतं. बिल्डरला ते ठाऊक नव्हतं. मलाही आजच कळलं.

९ मे

चासी नंबरचा नवा छाप लागणार होता. बाबा रॉकेलचा बोळा घेऊन गाडीखाली शिरले. चासीच्या उजव्या पट्टीवरचा रंग पुसून पातळ कागद लावला, दोन्ही टोकांना टेप, आणि सुताराची जाड पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायला लागले. काळ्यात पांढरे आकडे एकेक करून वर आले. तीन छाप घेतले, तिन्ही स्वच्छ. बाहेर आल्यावर म्हणाले की टिपरचा नंबर त्यांना अजून पाठ आहे. म्हणूनही दाखवला.

२७ मे

आरसी आली. मोटर कॅराव्हॅन, नॉन-ट्रान्सपोर्ट, पंधरा वर्षं. जीए-०४. नंबरप्लेट पांढरी. बाबांच्या आयुष्यातल्या सगळ्या गाड्यांना पिवळी होती. ट्रकच्या तोंडावर पांढरी पाटी त्यांना विचित्र दिसते. नाक्यावरच्या पोलिसांनाही दिसणार, म्हणून आरसी आणि पॉलिसीची प्रत सन व्हायझरमध्ये अडकवून ठेवली आहे.

८ जून

पाऊस धरला आहे. घर छपराखाली घ्यायला हवं आणि छपराखाली टिपर. बॅटरी लावून पाहिली, इंजिन फिरलं नाही. शेजारच्या लोडरने साखळी लावून वीस फूट ओढला. चाकांच्या जागी सहा खड्डे उरले, तळाशी लाल पाणी. घाणेरी साखळीबरोबर उपटून आली. भंगाराच्या कागदांचं मी काढलं नाही. बाबांनी फक्त टिपरची नंबरप्लेट काढून आणली आणि वहीत ठेवली, वही आता बंद होत नाही.

राहिलेलं: आयएमटी २४च्या यादीसाठी कंपनीला दोन्ही बॅटऱ्यांच्या सीरियल नंबरचे फोटो हवेत, आणि नंबर नेमका भिंतीच्या बाजूला आहे. रविवारी खण उघडायचा. फणसाची फांदी अजून तोडलेली नाही.